यादीतले आणि यादीबाहेरचे

बदलीच्या नोकरीत माणूस जितकी गावे पाहतो तितक्याच याद्याही पाहतो. मतदारांची यादी, शिधापत्रिकांची यादी, सरकारी निवासस्थानासाठी ताटकळणाऱ्यांची यादी, आणि आमच्या कचेरीपुरते बोलायचे तर ज्येष्ठतेची यादी! यांपैकी एकाही यादीने आम्हांस कधी दुखावले नाही. सरकारी यादीत आपले नाव शेवटी असते हे जाणूनच आम्ही नोकरीस लागलो. परंतु एका यादीचा सल अद्याप मनातून गेलेला नाही, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्तही तीच आहे.

रायपुरास येण्यापूर्वी आम्ही ज्या गावी होतो तेथे मराठी मंडळींची एक जुनी संस्था होती. ती दरमहा आठ पानी पत्रक काढी व सभासदांच्या घरी नावानिशी पाठवी. त्यात कार्यक्रमांच्या वृत्तान्ताखेरीज सभासदांच्या आपसांतील विचारविनिमयासाठी दोन-तीन पाने राखलेली असत. आम्ही तेथे रुजू झालो त्या सुमारास त्या पानांवर वाद चालू होता तो मुलांच्या मराठी वर्गाचा. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना वाचन-लेखन शिकवावे, की घरी बोलता आले म्हणजे पुरे मानावे, असा प्रश्न होता. आमची कन्या तेव्हा सात वर्षांची होती. आम्ही मराठीत विचारावे आणि तिने हिंदीत उत्तर द्यावे असा घरचा व्यवहार होता. तेव्हा या वादात आम्हांस सांगण्यासारखे पुष्कळ होते. सभासदत्वाचा अर्ज, सूचक, अनुमोदक, कार्यकारिणीची सभा, असे सोपस्कार होऊन यादीत नाव चढावयास सात महिने लागले. मग जे पहिले पत्रक हाती आले त्यात दुसऱ्या पत्राला दिलेले तिसरे उत्तर होते! मूळ पत्रे आम्ही पाहिलेली नव्हती. 'गेल्या वर्षीच्या ठरावातील भूमिका' सर्वांस ठाऊक, आम्हांसच तेवढी अज्ञात. आम्ही चार वेळा मसुदा केला आणि चारही वेळा टेबलाच्या खणात ठेवला. पुढे बदलीचा हुकूम आला. तो वर्ग निघाला की नाही हे आम्ही कोणाला विचारले नाही. कन्या मात्र अजून देवनागरीतले मराठी अडखळतच वाचते.

आमच्याशी कोणी वाईट वागले असे मुळीच नाही. चिटणीस भेटले की आपुलकीने चौकशी करीत, 'लिहा ना काहीतरी' असेही म्हणत. म्हणूनच प्रश्न पडतो. चर्चेचे कागद ठरावीक नावांनाच रवाना होत असले म्हणजे नवागताची जीभ अडखळते काय? की दोष यादीचा नसून आमच्यासारख्यांच्या भिडस्तपणाचा? या प्रश्नाचे उत्तर आम्ही मराठी भाषेच्या गेल्या दोन शतकांच्या व्यवहारात शोधू लागलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ याच प्रांतापासून करू. १७५८ पासून १७८७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्या मृत्यूनंतर १८१८ पर्यंत सुभेदार नेमले जात, आणि पुढे इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. त्या काळच्या दरबारी बातमीचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. बातमी मोडी लिपीत लिहिलेल्या पत्राने वा अखबाराने जाई, आणि त्या कागदाला नेहमी एक नाव असे. कारभारी, वकील, सावकार यांच्या एकमेकांस जाणाऱ्या पत्रांतूनच राज्यातील घडामोडींची चर्चा होई. ज्याचे नाव मायन्यात नाही त्याला त्या चर्चेचा पत्ताही नसे. बाजारात कुजबुज होतच असेल, परंतु कुजबुजीला उत्तर पाठवता येत नाही.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, तेव्हा मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापणारे ते पत्र कोणा एकाच्या नावे नव्हते. वर्गणीदारांची यादी त्यालाही होतीच. वर्गणीवाचून छापखाना चालत नाही. परंतु वर्गणीदाराने वाचून खाली ठेवलेला अंक दुसऱ्याला उचलता येत होता, आणि मोडी पत्रापासून छापील पत्र वेगळे झाले ते आमच्या मते येथे. ठशांचा किंवा कागदाचा फरक त्यामानाने किरकोळ होय.

या नव्या सोयीचा सर्वांत मोठा लाभ कोणी घेतला असेल तर तो एका सरकारी नोकराने! गोपाळ हरी देशमुख यांचा जन्म १८२३ चा. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १९ मार्च १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने त्यांची पत्रे येऊ लागली तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते आणि कंपनी सरकारच्या नोकरीत होते. पुढील सुमारे दोन वर्षांत अशी एकशे आठ पत्रे प्रसिद्ध झाली. विद्वानांच्या कोणत्या मंडळात आपले नाव नोंदले आहे, आपली ज्येष्ठता किती, असे 'प्रभाकर'ने त्यांना विचारले असते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. टोपणनावाने लिहिणाऱ्या त्या तरुणाला फक्त मागील अंक वाचलेला असणे पुरे होते. (आमच्या सहव्यवसायींसाठी जाता जाता एक खुलासा. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा आचरण नियमांप्रमाणे निव्वळ वाङ्मयीन लेखनास पूर्वपरवानगी लागत नाही. 'नियम आड येतात' ही सबब आम्ही स्वतः बरीच वर्षे वापरली. ती खरी नव्हती.)

याच लोकहितवादींची सही तीस वर्षांनंतर एका आवाहनाखाली दिसते. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या सह्यांचे ते आवाहन ७ फेब्रुवारी १८७८ च्या 'ज्ञानप्रकाशा'त आले, आणि ११ मे १८७८ रोजी पुण्यात रानड्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे मूळ ते हेच. आवाहन वृत्तपत्रात छापले होते, तेव्हा दार उघडे होते हे मान्य केले पाहिजे. परंतु दारावर 'ग्रंथकार' अशी पाटी होती, आणि ग्रंथकार कोणास म्हणावे हे आत बसलेल्यांना आधीपासून ठाऊक होते. १८४८ च्या मार्चमध्ये लोकहितवादी स्वतः त्या पाटीखालून जाऊ शकले असते असे वाटत नाही.

दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यातच झाली. तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले होते. त्यांनी रानड्यांना लिहिलेले नकाराचे पत्र ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदया'त छापले गेले. ते मराठीतील एक प्रसिद्ध पत्र आहे. जे लोक इतरांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, वर्तनावरून पाहता पुढेही करतील असे दिसत नाही, त्यांच्या सभांशी व त्यांच्या पुस्तकांतील आशयाशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने येथे मोठी अडचण उभी राहते. फुल्यांचे नाव यादीत होते! निमंत्रण हाती पडले होते, आणि तरीही ते बाहेर राहिले. यादीत नाव नसल्याने माणूस बिचकतो एवढेच आमचे म्हणणे असते तर या एका पत्राने ते मोडीत निघाले असते. निमंत्रण देणाऱ्याला वाटते, आपण जागा दिली. निमंत्रिताला दिसते ते निराळेच: बैठक आधीच मांडलेली आहे, विषय ठरलेले आहेत, आणि आपण यायचे ते फक्त उरलेल्या पाटावर. आमच्या त्या आठ पानी पत्रकाची तुलना या मोठ्या प्रसंगाशी करणे उद्धटपणाचे होईल, आणि आम्हांला जो संकोच वाटला त्यात अन्यायाचा लवलेशही नव्हता. परंतु यादीत नाव असणे आणि चर्चेत वाटा असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हांस प्रथम त्या पत्राने कळले.

त्याच दशकातील आणखी एक उदाहरण आम्हांस अधिक जवळचे वाटते, कारण त्यात एक कचेरी आहे. वऱ्हाडात बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क होते. त्यांची कन्या ताराबाई. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी करण्यात आली. या खटल्यावरून वृत्तपत्रांत स्त्रियांच्या नीतीविषयी जो मजकूर येऊ लागला तो ताराबाईंनी वाचला. पुणे-मुंबईच्या कोणत्याही सभेचे निमंत्रण बुलढाण्याच्या हेडक्लार्काच्या मुलीस जाण्याचा संभव नव्हता. परंतु 'पुणेवैभव' वर्तमानपत्र तेथवर पोचत होते, आणि तेवढेच पुरेसे झाले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुषतुलना' हे त्यांचे पुस्तक बाहेर पडले. भाषा घरातली, तडाखा विलक्षण. विद्वानांच्या वादात शिरताना त्यांनी कोणाची ओळख लावली नाही की कोणाचे अनुमोदन मागितले नाही.

पण पुढे काय झाले? पुस्तकावर टीका झाली. फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. परंतु त्यानंतर ताराबाईंच्या नावाचे दुसरे पुस्तक नाही. त्यांचे ते एकुलते पुस्तक १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षे लोटली होती. नवागताला दाराशी अडवले जाते त्यापेक्षा पहिले वाक्य उच्चारल्यावर जे होते त्याने तो अधिक खचतो की काय, अशी शंका या उदाहरणाने येते. आमचे चार मसुदे खणात राहिले त्याचे कारणही आम्ही प्रामाणिकपणे शोधले तर ते असेच निघेल. पत्रक घरी येत होते. भीती होती ती पुढच्या अंकातील उत्तराची, आणि त्या उत्तरात 'नवीन सभासदांस पूर्वेतिहास ठाऊक नसावा' असे एखादे सौम्य वाक्य असेल याची.

येथे यादीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडविक्या होता. तो नगरपालिकेच्या नोकरीतही होता, म्हणजे काही अंशी आपल्यापैकीच! त्याला लॅटिन येत नव्हते, आणि त्या काळी युरोपातील विद्वानांचा पत्रव्यवहार बहुधा लॅटिनमध्ये, ओळखीच्या नावांमध्येच फिरे. परंतु १६७३ मध्ये त्याच गावच्या द ग्राफ नावाच्या वैद्याने त्याच्याविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या चिटणिसास लिहिले. चिटणिसाने त्याची डच भाषेतली पत्रे भाषांतरित करून छापली, आणि १६८० मध्ये तो त्या सोसायटीचा सभासद झाला. सूक्ष्मजंतूंचे जग जगाला दिसले ते यामुळे. आत असलेल्या एकाने बाहेरच्याचा हात धरला आणि त्याला त्याच्याच भाषेत बोलू दिले, तर यादी आडवी येत नाही असे यावरून म्हणता येईल. मात्र असा द ग्राफ प्रत्येक गावी भेटतोच असे नाही.

आता पुन्हा छत्तीसगडात येऊ. यादी अगदीच तोकडी असली तर काय होते, याचेही उदाहरण याच भूमीत आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी मराठी कुटुंबात झाला. शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर असे फिरत फिरत झाले. बी. ए. झाल्यावर सरकारी नोकरीची वाट मोकळी असता ती त्यांनी धरली नाही. पेंड्र्याच्या राजकुमारास शिकवण्याचे काम पत्करले आणि जानेवारी १९०० मध्ये तेथूनच 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोळकर त्यांचे सहसंपादक होते आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. रायपुरात आज लाखेनगर आहे, सप्र्यांच्या नावाची शाळाही आहे. रिक्षावाले दिवसातून दहा वेळा लाखेनगरचा पुकारा करतात, पण त्या नावामागे मासिकाचा एक प्रकाशक उभा आहे हे फारच थोड्यांच्या ध्यानात येत असेल.

हिंदी साहित्याची चर्चा तेव्हा काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत आणि प्रयागेस चालत असे. 'सरस्वती' मासिक त्याच महिन्यात प्रयागेहून निघाले. जंगलपट्टीतील पेंड्र्याचा हा मराठी शिक्षक त्या मंडळींत सर्वस्वी परका होता. पण तो कोणत्याही यादीत नाव चढण्याची वाट पाहत बसला नाही. त्याने स्वतःचेच एक पान उघडले, त्यावर नव्या पुस्तकांची परीक्षणे लिहिली, आणि नामांकित ग्रंथकारांचेही गुणदोष स्पष्ट सांगितले. हिंदी समीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्यांना सप्र्यांचे नाव आरंभीच घ्यावे लागते. 'एक टोकरी भर मिट्टी' ही १९०१ मध्ये त्याच मासिकात आलेली त्यांची कथा हिंदीतील पहिल्या कथांपैकी एक गणली जाते. परक्या भाषेच्या सभेत शिरलेला हा नवागत १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेण्याचे कामही त्यांचेच. २३ एप्रिल १९२६ रोजी याच रायपुरात त्यांचा अंत झाला.

आणि 'छत्तीसगढ मित्र'? ते तीन वर्षांत, डिसेंबर १९०२ मध्ये, पैशाअभावी बंद पडले. दार सताड उघडे होते, परंतु आत नियमित येऊन बसणारे आणि वर्गणी भरणारे पुरेसे नव्हते. यादीला नावे ठेवणाऱ्या आमच्यासारख्याने हे विसरून चालणार नाही. ज्या मंडळाला आपले सभासद कोण, कोठे राहतात, त्यांच्याकडे वर्गणी किती थकली हे ठाऊक नाही त्याची चर्चा तिसऱ्या अंकापर्यंतही टिकत नाही. चिटणिसाची वही नवागताला भिंतीसारखी वाटते खरी, पण छप्पर तिच्यावरच तोललेले असते.

मध्यप्रांतात मराठी व हिंदी एकाच सरकारच्या छायेत नांदत होत्या तोवर नागपूरचा अंक रायपुरास येणे ही घरातल्या घरात वस्तू पोचवण्यासारखी गोष्ट होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, छत्तीसगड मध्यप्रदेशात राहिला, आणि इकडचा मराठी माणूस एका रात्रीत परप्रांतीय ठरला. रेल्वेने नागपूर येथून सुमारे तीनशे किलोमीटर. अंतर तेच राहिले. पण ज्या भाषेची कचेरी गेली, त्या भाषेला मंडळाचाच आधार उरतो, आणि मंडळाला यादीचा. म्हणून परप्रांतातील मराठी संस्था आपल्या वह्या इतक्या जपतात, आणि त्या जपाव्यात हे आम्हांस पटते. अडचण एवढीच की या वह्या स्थायिक माणसाचा विचार करून आखलेल्या असतात. घर बांधून राहिलेल्याला सात महिने काहीच नव्हेत. तीन वर्षांनी बदलणाऱ्याच्या हिशेबात मात्र ते जवळजवळ एक पंचमांश मुक्काम होतात! प्रस्तुत मासिकाचे बहुसंख्य वाचक याच दुसऱ्या वर्गातले. आपण प्रत्येक गावी नवागत असतो. आपल्याला कळेपर्यंत वाद संपलेला असतो, आणि आपल्याला बोलावेसे वाटते तेव्हा कार्यमुक्तीचा कागद टेबलावर येतो. अलीकडे पत्रकाची जागा बहुतेक ठिकाणी भ्रमणध्वनीवरील समूहाने घेतली आहे. तेथे नाव तत्काळ चढते, परंतु चढण्यापूर्वी काय बोलणे झाले ते नव्या माणसाला बहुधा दिसत नाही. म्हणजे सात महिने वाचले, तिसरे उत्तर मात्र राहिलेच.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते. यादीने नवागत परततो असे सरसकट म्हणता येणार नाही. ताराबाई कोणत्याही यादीत नसता बोलल्या, आणि फुले निमंत्रण असूनही गेले नाहीत. परंतु जेथे नाव चढेपर्यंत चर्चा डोळ्यांनाही दिसत नाही तेथे माणूस आत येतो तो मुका होऊनच. लोकहितवादींनी आधी 'प्रभाकर' वाचला, मग लिहिले. ताराबाईंनी आधी 'पुणेवैभव' वाचले, मग त्या संतापल्या. आम्हांस संतापण्याचीही सोय नव्हती.

रायपुरात आम्ही काही मराठी कुटुंबे मिळून महिन्यातून एकदा वाचनासाठी जमतो. त्याचेही एक चार पानी पत्रक निघते, आणि हस्ताक्षर बरे म्हणून पत्त्यांची वही आमच्याकडे आली आहे. तीत एकेचाळीस नावे आहेत. गेल्या चैत्रापासून दहा प्रती जादा काढून त्या वाचनालयाच्या टेबलावर, मागील दोन अंकांसह, नुसत्याच ठेवाव्यात असे आम्ही सुचविले. खर्चाच्या मुद्द्यावर थोडी कुरकुर झाली, मग संमती मिळाली. आजवर सहा प्रती उचलल्या गेल्या. त्यांपैकी एक परत आली. तिच्या समासात शिसपेन्सिलीने अकरा ओळी लिहिलेल्या आहेत. अक्षर तरुण माणसाचे दिसते, दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकले आहे, आणि आमच्या अध्यक्षांच्या लेखातील एक मुद्दा साफ खोडून काढला आहे. खाली नाव नाही. पुढील पत्रकात त्या ओळी छापाव्यात की नाही यावर मंडळींत सध्या दोन मते असून, येत्या रविवारी त्याचा निकाल व्हावयाचा आहे.